दुखणं, गोळी आणि जोर-बैठका

कोल्हापूर म्हटलं की तांबडा-पांढरा रस्सा, चप्पल, रंकाळा आणि कुस्ती एवढं सगळ्यांना माहीत असतं. पण या गावाचं आणखी एक वैशिष्ट्य आहे आणि ते कुठल्याच टुरिस्ट गाईडमध्ये सापडत नाही. ते म्हणजे दुखण्याबद्दलचं ठाम मत. "पैलवानाला दुखत नसतंय" हे वाक्य लहानपणी कानावर पडलं नाही असा कोल्हापूरचा मुलगा शोधून सापडायचा नाही. गुडघा सोलला, खांदा उतरला, बोट मुरगळलं, उपाय एकच. उठायचं, माती झटकायची आणि परत उभं राहायचं. आणि याच गावात कोपऱ्यावरच्या मेडिकलमध्ये जाऊन नुसतं "कंबर धरलीय, काहीतरी द्या" म्हटलं की पुढचा प्रश्न न येता गोळ्यांची पट्टी हातात पडते.

म्हणजे दुखण्यावर आपल्याकडे रस्ते दोनच. एक तर सोसा, नाहीतर गिळा. आणि हे दोन रस्ते एकमेकांना पाण्यात पाहतात. तालमीतला माणूस गोळी घेणाऱ्याला कच्चा समजतो. गोळी घेणारा म्हणतो, आधीच दुखतंय, त्यात व्यायाम कसला करताय, जरा पडून राहू दे.

या भांडणात मला रस असण्याचं कारण साधं आहे. वयाच्या सव्विसाव्या वर्षी मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस असल्याचं निदान झालं. (हे नाव नीट उच्चारता यायला लागलं की निम्मा आजार बरा झाल्यासारखं वाटतं :)) मणका आणि खुब्याची हाडं जिथे जुळतात ते सांधे आतून सुजतात, हळूहळू मणकाही धरतो. साध्या कंबरदुखीपेक्षा याची तऱ्हा उलटी. पडून राहिलं की वाढतं, हालचाल केली की कमी होतं. पहाटे तीन-चारला दुखण्यानं जाग येते आणि घरातल्या घरात फेऱ्या मारल्या की बरं वाटतं. हा आजार मुळापासून जात नाही, आटोक्यात राहतो. डॉक्टरांनी जो कागद लिहून दिला त्यावर आपले हे दोन्ही वैरी शेजारी शेजारी बसले होते. गोळी, वेळेवर. व्यायाम, रोज.

तेव्हापासून डोक्यात एक प्रश्न घोळत होता. हे दोघं एका कागदावर आले कधी? आणले कुणी? गेले काही शनिवार-रविवार हाच उद्योग केला. उत्तर सापडलं तेव्हा मात्र गंमत वाटली, कारण ते उत्तर एक पैलवान निघाला. पण क्रमाने सांगतो.

सुरुवात १८९४ पासून करू. त्या वर्षी २ एप्रिलला शाहू महाराजांनी कोल्हापूरच्या राज्याचा कारभार हाती घेतला. त्याच वर्षी कोल्हापूरपासून पन्नासएक किलोमीटरवर, मिरजेत, डॉ. विल्यम वॉनलेस या कॅनडात जन्मलेल्या मिशनरी डॉक्टरांचं हॉस्पिटल उभं राहिलं. आमच्या भागात दुखण्याचे दोन दवाखाने एकाच साली सुरू झाले असं म्हणायला हरकत नाही. एक तालमीचा, दुसरा शस्त्रक्रियेचा आणि औषधाचा.

शाहू महाराजांनी कुस्तीला काय दिलं हे इथे नव्याने सांगायला नको. गावोगावचे मल्ल आणून त्यांना आश्रय दिला, खुराक लावून दिला. १९०२ साली ते युरोपात गेले, तिथे रोमचं प्राचीन क्रीडागार पाहिलं आणि त्यावरून खासबागेची कल्पना सुचली असं सांगतात. १९१२ साली खासबाग मैदान तयार झालं. मध्ये हौदा, भोवती उतरती बैठक, कुठूनही बसा, कुस्ती दिसणार म्हणजे दिसणार. गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी, मठ, काळाइमाम ही तालमींची नावं आजही कोल्हापुरात पत्ता सांगायला वापरली जातात.

आता या तालमींना दुखण्यातलं काय कळत होतं ते पाहू. मला वाटतं, तीन गोष्टी कळत होत्या आणि एक कळत नव्हती.

पहिली गोष्ट आकडा. नव्या पोराला वस्ताद पहिल्याच दिवशी हजार जोर मारायला लावत नाहीत. थोड्यावर सुरुवात, मग चढता आकडा. आणि आकडा ठरवणार वस्ताद, पोराचा मूड नव्हे. आज अंगात जोर आहे म्हणून दुप्पट नाही, आज आळस आला म्हणून निम्मे नाहीत. दुसरी गोष्ट मालीश. तेल लावून अंग रगडणं हा तालमीतल्या दिवसाचा भाग. लढतीइतकाच महत्त्वाचा. तिसरी गोष्ट माती. हौद्यातल्या तांबड्या मातीत तेल, ताक, हळद, लिंबू मिसळतात. ती रोज खणून भुसभुशीत ठेवावी लागते. खणणं हाही व्यायाम आणि पडल्यावर लागू नये याची सोयही तीच.

आणि न कळलेली गोष्ट अशी, की जाणारं दुखणं आणि राहणारं दुखणं ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. मुरगळलेलं बोट पंधरा दिवसांत बरं होतं, तिथे सोसणं चालून जातं. पण सहा महिन्यांनंतरही जे दुखतंय त्याचं काय? त्याला तालमीच्या भाषेत शब्दच नव्हता. शब्द नसला की माणूस गप्प बसतो. जुन्या पैलवानांचे गुडघे, मान, कंबर उतारवयात काय बोलतात हे कोल्हापुरात घरोघरी माहीत आहे. फक्त ते मैदानावर कुणी बोलत नाही.

खाशाबा जाधवांचंच घ्या. कराडजवळच्या गोळेश्वरचे, कोल्हापुरात राजाराम कॉलेजात शिकले. १९४८ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये सहावे आले आणि १९५२ साली हेलसिंकीत त्यांनी कांस्यपदक जिंकलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिम्पिक पदक. १९५५ साली ते पोलिसात सब-इन्स्पेक्टर झाले. १९५६ च्या मेलबर्नची संधी मात्र गुडघ्याच्या दुखापतीनं गेली. पदकाची गोष्ट आपण हजार वेळा ऐकली. गुडघ्याची गोष्ट एका ओळीत संपते. मला आताशा त्या एका ओळीबद्दल जास्त कुतूहल वाटतं.

असो. तालमीचं झालं, आता गोळीकडे वळू.

सह्याद्रीतल्या नद्या-ओढ्यांच्या काठी वाळुंज नावाचं झाड असतं. इंग्रजीत ज्याला विलो म्हणतात त्याचाच हा आपल्याकडचा भाऊबंद. या कुळातल्या झाडांची साल ताप आणि दुखण्यावर वापरण्याची रीत फार जुनी आहे. १७६३ साली एडवर्ड स्टोन नावाच्या इंग्लिश पाद्र्याने विलोच्या सालीची पूड तापाच्या रोग्यांना देऊन पाहिली आणि रॉयल सोसायटीला तसं पत्र लिहिलं. १८२८ मध्ये जर्मनीत त्या सालीतून सॅलिसिन वेगळं काढलं गेलं. त्यातून पुढे सॅलिसिलिक अॅसिड आलं. ते दुखणं थांबवायचं पण पोटाची आग करायचं. १८९७ साली बायर कंपनीच्या फेलिक्स हॉफमननं त्याचं सौम्य रूप तयार केलं आणि १८९९ पासून ते अॅस्पिरिन या नावाने विकलं जाऊ लागलं. गंमत म्हणजे ही गोळी नेमकं काय करते हे कळायला १९७१ उजाडलं. शरीरात सूज आणि वेदना वाढवणारी प्रोस्टाग्लँडिन्स नावाची रसायनं तयार होतात, अॅस्पिरिन त्यांची निर्मितीच रोखतं असं जॉन व्हेन यांनी दाखवलं. १९८२ साली त्यांना त्याबद्दल नोबेल मिळालं. म्हणजे सत्तर वर्षं कोड प्रॉडक्शनमध्ये चालू होता आणि डॉक्युमेंटेशन नव्हतं. आयटीवाल्यांना यात नवल वाटायचं कारण नाही.

मधल्या काळात गोळीसोबत काय करायचं याबद्दल वैद्यकशास्त्राचं उत्तर एकच होतं. झोपा. १८६३ साली जॉन हिल्टन या लंडनच्या सर्जननं विश्रांती आणि वेदना यांवरची आपली व्याख्यानं पुस्तकरूपाने काढली आणि विश्रांती हेच निसर्गाचं औषध हा विचार पुढे कित्येक पिढ्यांनी उचलला. मोडलेल्या हाडाला ते बरोबरच होतं. पण तोच नियम कंबरेला, मानेला, सगळ्याला लागू झाला. कंबर धरली की फळीवर झोपा, दोन-तीन आठवडे हलू नका. आपल्या आजी-आजोबांनी हा सल्ला ऐकलाय, बऱ्याच जणांच्या आई-बाबांनीही.

याला पहिला खणखणीत विरोध १९४७ साली रिचर्ड अॅशर या लंडनच्या डॉक्टरांनी केला. अंथरुणाला खिळण्याचे धोके सांगणारा त्यांचा लेख ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. रक्ताच्या गुठळ्या, हाडं ठिसूळ होणं, स्नायू वाळणं, मन खचणं अशी सगळी यादीच त्यांनी मांडली. तरी कंबरदुखीचा सल्ला बदलायला आणखी चाळीस वर्षं गेली. १९८६ मध्ये अमेरिकेत डेयो आणि सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांवर एक साधा प्रयोग केला. काहींना दोन दिवस झोपायला सांगितलं, काहींना सात दिवस. दोन दिवसवाल्यांच्या कामाच्या रजा ४५ टक्क्यांनी कमी भरल्या आणि बाकी बाबतींत त्यांचं काहीच बिघडलं नाही. १९९५ मध्ये तर चक्क हेलसिंकीत (हो, खाशाबांच्या पदकाचंच गाव) महापालिकेच्या कर्मचाऱ्यांवर प्रयोग झाला. कंबर धरलेल्यांपैकी एका गटाला दोन दिवस झोपवलं, एका गटाला कंबरेचे व्यायाम दिले, एका गटाला सांगितलं की जमेल तेवढं रोजचं काम करत राहा. सगळ्यात लवकर बरा झाला तो तिसरा गट. सगळ्यात उशिरा, झोपलेला.

माझ्या आजाराचा इतिहास तर याहून विचित्र आहे. १९३० ते ५० च्या दशकांत अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिसवर मणक्याला एक्स-रेचे डोस देत. दुखणं खरंच कमी व्हायचं, म्हणून हजारो लोकांना दिले. १९५७ साली कोर्ट ब्राऊन आणि रिचर्ड डॉल यांनी ब्रिटनमधल्या अशा तेरा हजारांहून जास्त रुग्णांची नोंद तपासली आणि त्यांच्यात रक्ताच्या कॅन्सरचं प्रमाण वाढलेलं दिसलं. (हे तेच डॉल ज्यांनी सिगारेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं दाखवून दिलं.) १९४९ च्या सुमारास फिनिलब्यूटाझोन नावाची गोळी आली. या आजारावर ती कमालीची चालली, पण काही जणांच्या अस्थिमज्जेवर घाला घालू लागली. पुढे बऱ्याच देशांत ती माणसांसाठी बंद झाली किंवा अगदी मोजक्या वापरापुरती उरली. घोड्यांच्या डॉक्टरांकडे मात्र ती आजही असते. १९७३ साली या आजाराचं एचएलए-बी २७ या जनुकाशी नातं सापडलं. २००० नंतर टीएनएफ रोखणारी इंजेक्शनं आली आणि ज्यांचं गोळ्यांवर भागत नाही त्यांची मोठी सोय झाली. या सगळ्या उलथापालथीत एक गोष्ट टिकून राहिली. पाठ ताठ ठेवा, श्वासाचे व्यायाम करा, पोहा, रोज हला. गोळ्या आल्या नि गेल्या, हा सल्ला काही गेला नाही.

पण सल्ला असणं वेगळं आणि त्याची पद्धत बसवणं वेगळं. पद्धत बसवणारा आपला पैलवान आता येतोय.

जॉन बोनिका. जन्म १९१७, सिसिलीजवळच्या फिलिकुदी या चिमुकल्या बेटावर. दहा वर्षांचा असताना घरचे न्यूयॉर्कला आले. बाप लवकर गेला. पोरगा बूट पॉलिश करी, पेपर विकी आणि कुस्ती खेळे. पुढे मेडिकल कॉलेजची फी त्याने व्यावसायिक कुस्त्या लढून भरली. सर्कशीतही शक्तीचे खेळ केले. डॉक्टर झाल्यावर, सैन्यात गेल्यावरही कुस्ती सुटली नाही. फक्त लोकांनी डॉक्टरला ओळखू नये म्हणून तोंडावर मुखवटा आला. जाहिरातीत नाव असायचं 'मास्क्ड मार्व्हल'. दिवसा भूल देणारे डॉक्टर बोनिका, रात्री मुखवटाधारी पैलवान. ही गोष्ट कोल्हापूरच्या चौकात सांगितली असती तर लोकांनी "नाद खुळा" म्हणून डोक्यावर घेतलं असतं.

दुसऱ्या महायुद्धात वॉशिंग्टन राज्यातल्या मॅडिगन लष्करी हॉस्पिटलमध्ये त्यांच्यापुढे जखमी सैनिक येऊ लागले. जखम भरलेली असायची, हात कापून वर्ष झालेलं असायचं, आणि तरी दुखत असायचं. पुस्तकं चाळली तर जुनाट वेदनेवर हाताला लागेल असं फार काही नव्हतं. एकट्याला उत्तर सापडेना, म्हणून ते दुपारच्या जेवणाला मज्जातंतूंच्या, हाडांच्या, मनाच्या डॉक्टरांना एकत्र बसवून एकेका रुग्णाची चर्चा करू लागले. एवढीच ती युक्ती. १९५३ साली त्यांचं वेदनेच्या उपचारांवरचं जाडजूड पुस्तक आलं. १९६० साली ते सिएटलला वॉशिंग्टन विद्यापीठात गेले आणि तिथे वेदनेसाठी एकत्रित दवाखाना उभा केला. १९७३ साली त्यांच्या पुढाकाराने वेदनेच्या अभ्यासाची आंतरराष्ट्रीय संघटना जन्माला आली. आज जगभर पेन क्लिनिक नावाची जी पाटी दिसते तिचं मूळ या माणसात आहे.

आणि हे सगळं करताना ते स्वतः दुखण्यात होते. कुस्तीने कान, बरगड्या, खांदे, खुबे सगळ्याची वाट लावली होती. कितीतरी शस्त्रक्रिया झाल्या. १९९४ मध्ये ते गेले तोवर दुखणं सोबतीला होतं आणि कामही. पैलवानाला दुखत नसतं हे वाक्य खोटं आहे हे एका पैलवानानेच, स्वतःच्या अंगावर, जगाला सांगितलं.

१९६५ साली मेलझॅक आणि वॉल या जोडीने वेदनेचा 'गेट' सिद्धांत मांडला. थोडक्यात असं, की मज्जारज्जूत एक फाटक आहे. स्पर्शाचे, दाबाचे संदेश जोरात आले की ते वेदनेच्या संदेशांची वाट अडवतात. मेंदूही वरून ते फाटक उघडतो किंवा मिटतो. तपशिलात पुढे बरेच बदल झाले, पण मूळ कल्पना टिकली. लागलेल्या जागेवर आपण आपोआप हात का चोळतो आणि तालमीत तेल लावून रगडल्यावर बरं का वाटतं, याचं पहिलं धड उत्तर इथे मिळालं.

सिएटलमध्येच विल्बर्ट फोर्डायस नावाचे मानसशास्त्रज्ञ होते. माझ्या मते या गोष्टीतलं सगळ्यात कामाचं डोकं त्यांचं. त्यांनी पाहिलं की रुग्ण दुखल्यावर गोळी घेतात आणि दुखेपर्यंत व्यायाम करतात. दोन्हीकडे लगाम दुखण्याच्या हातात. दुखलं की गोळी मिळते, दुखलं की आराम मिळतो, दुखलं की घरचे धावत येतात. नकळत सगळा दिवस दुखण्याभोवती फिरू लागतो. फोर्डायसनी दोन्ही नियम उलटे केले. गोळी घड्याळावर, दुखो वा न दुखो. व्यायाम आकड्यावर, आधी जमेल त्याहून थोडा कमी आकडा धरायचा आणि मग ठरल्याप्रमाणे वाढवत न्यायचा. आराम मिळणार, पण आकडा पूर्ण झाल्यावर. मग औषधाचा डोस हळूहळू, डॉक्टरांच्या देखरेखीखाली कमी करत आणायचा. १९७६ साली त्यांचं या पद्धतीवरचं पुस्तक आलं.

प्रोग्रॅमर मंडळींसाठी सांगायचं तर दुखणं हा इंटरप्ट होता. तो वाजला की सगळी प्रोसेस थांबायची. फोर्डायसनी त्याच्या जागी क्रॉन जॉब लावला. इंटरप्ट बंद झाला नाही, वाजतोच आहे. फक्त त्याच्या हातातून शेड्यूल काढून घेतलं.

आणि कोल्हापूरकरांसाठी सांगायचं तर आकडा वस्तादांनी ठरवायचा, मूडने नाही. ही गोष्ट गंगावेशीत आधीपासून माहीत होती. तिथे फक्त आजारी माणसाला आत घेत नव्हते.

इथे गोष्ट सुखाने संपायला हवी होती, पण तसं झालं नाही. अमेरिकेत असे एकत्रित दवाखाने भरभराटीला आले आणि मग विमा कंपन्यांनी हिशेब मांडला. फिजिओथेरपिस्ट, मानसशास्त्रज्ञ, डॉक्टर अशी टीम आठवडेच्या आठवडे पोसण्यापेक्षा गोळीची चिठ्ठी स्वस्त. टीमचे पैसे मिळणं अवघड होत गेलं. १९९६ साली ऑक्सीकॉन्टिन ही अफूच्या वर्गातली दमदार गोळी बाजारात आली, सवय लागायची भीती कमी आहे अशा जाहिरातीसकट. २००७ साली त्याच कंपनीने या दिशाभुलीचा गुन्हा कोर्टात कबूल केला. तोपर्यंत लाखो लोक त्या गोळ्यांत अडकले होते. कागदावरून व्यायाम खोडला आणि नुसती गोळी ठेवली की काय होतं याचा हा धडा.

आपल्याकडे दुसरं टोक. १९८५ चा अमली पदार्थविरोधी कायदा इतका कडक निघाला की कॅन्सरच्या शेवटच्या टप्प्यातल्या माणसाला मॉर्फिन देणंही परवान्यांच्या जंजाळात अडकलं. अफू पिकवणारा देश आणि इथल्याच रुग्णाला मॉर्फिन मिळेना. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन नियम थोडे सोपे झाले. दुसरीकडे सूज उतरवणाऱ्या नेहमीच्या वेदनाशामक गोळ्या मात्र आपण शेंगदाण्यासारख्या खातो. त्या गोळ्या वाईट नाहीत. माझ्या आजारात तर पहिला उपचार त्याच आहेत. पण पोट, मूत्रपिंड आणि हृदय यांच्याकडे लक्ष ठेवून, रक्ताच्या तपासण्या करून घ्यायच्या असतात. २००४ साली व्हायॉक्स नावाची याच कुळातली गोळी हृदयविकाराच्या धोक्यामुळे जगभरातून मागे घेतली गेली होती, हे विसरून चालणार नाही.

मग आपल्या मातीत दुखण्यासोबत जगलेली माणसं नाहीत का? आहेत. बाबा आमट्यांना मणक्याच्या आजारामुळे बसता येत नसे. उभं राहायचं किंवा आडवं व्हायचं. त्या अवस्थेत, सत्तरीत, १९८५ च्या डिसेंबरमध्ये ते कन्याकुमारीहून भारत जोडो अभियानाला निघाले. तरुण मुलं सायकलवर, बाबा सोबतच्या गाडीत आडवे. लोक याला सोसणं म्हणतात. मला त्यात नियोजन जास्त दिसतं. जे जमत नाही ते सोडून जे जमतं त्यातून काम उभं करणं.

आणि खुद्द कोल्हापूरची राही सरनोबत. २०१८ च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलात सुवर्ण, आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण जिंकणारी पहिली भारतीय महिला. टोकियो ऑलिम्पिकनंतर न्यूरोपॅथिक वेदनेने, म्हणजे मज्जातंतूंच्या दुखण्याने, तिला नेमबाजीपासून बराच काळ दूर ठेवलं. २०२५ च्या फेब्रुवारीत उत्तराखंडच्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धेत ती परत आली आणि सुवर्णच घेऊन गेली. खेळाडूचं औषध हा तर आणखी अवघड पेपर. अफूच्या वर्गातली बहुतेक दमदार वेदनाशामकं स्पर्धेच्या काळात वर्ज्य, ट्रॅमाडॉलही १ जानेवारी २०२४ पासून वर्ज्य, आणि मायग्रेन टाळायला जी बीटा ब्लॉकर औषधं देतात ती नेमबाजांना बाराही महिने बंद. पण मला पदकाइतकंच मोलाचं वाटतं ते हे, की आपलं दुखणं नाव घेऊन सांगणारी चॅम्पियन कोल्हापूरला मिळाली. खाशाबांच्या गुडघ्याला जी एक ओळ मिळाली होती, तिच्या जागी आता अख्खं वाक्य आलं.

तर या सगळ्यातून मी काय घेतलं? गोळी दुखणं मारायला नाही, हलायला वेळ विकत घ्यायला आहे. सकाळी गोळी घेतली की तासाभराने अंग जरा मोकळं होतं. त्या मोकळ्या वेळात मी लोळलो तर पैसे वाया. त्या वेळात बारा सूर्यनमस्कार, छाती फुगवायचे श्वास, अर्धा तास चालणं. आठवड्यातून दोनदा पोहणं. ऑफिसात दर पाऊण तासाला उठणं, मग मीटिंगमध्ये क्लायंट असो नाहीतर त्याचा बॉस. वाईट दिवशी आकडा निम्मा, पण शून्य नाही. चांगल्या दिवशी दुप्पट नाही. हा दुसरा नियम पाळणं पहिल्यापेक्षा कठीण जातं.

आपल्या वयाच्या लोकांमध्ये हे दुखणं वाढलेलं मला रोज दिसतं. कुणाची मान, कुणाचं मनगट, कुणाची कंबर. ड्रॉवरमध्ये गोळ्यांची पट्टी असते आणि जानेवारीत काढलेलं जिमचं कार्डही असतं. दोन्ही वापरात असतात, पण वेगवेगळ्या आठवड्यांत. तीन महिन्यांच्या वर काही दुखत असेल, पहाटे जाग येत असेल, सकाळी अंग अर्धा-एक तास आखडत असेल तर सोसू नका आणि मेडिकलवाल्याला विचारू नका. डॉक्टर गाठा, जमलं तर संधिवाताचे. निदान जितकं लवकर तितका मणका वाचतो.

आणि कुणी तालमीतल्या आवाजात म्हणालंच की पैलवानाला दुखत नसतंय, तर त्याला बोनिकांची गोष्ट सांगा. मुखवट्यासकट.

ता. क. मी इंजिनिअर आहे, डॉक्टर नाही. वरचं वेळापत्रक माझ्या आजाराचं आणि माझ्या डॉक्टरांनी ठरवलेलं आहे. कॉपी-पेस्ट करू नये. कोड असो वा औषध, दुसऱ्याच्या मशीनवर चाललं म्हणून आपल्या मशीनवर चालेलच असं नसतं.